रुखवतातल्या काळ्या तारा

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात रुखवत दिव्यांचं करायचं, हे खूळ माझंच. तेव्हा पुढं जे झालं त्याचा बोल मी कुणाला लावू नये, हे खरं. पण मी लावणार आहे. स्वभावाला औषध नसतं, आणि माझ्या स्वभावावर ते शोधायला आजवर कुणी धजावलंही नाही.

रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायकांनी महिनाभर खपून हातानं वस्तू करायच्या, कार्यालयात टेबलावर मांडायच्या, आणि मुलाकडच्या बायकांनी "छान आहे हं" म्हणत मनातल्या मनात खोट काढायची. मी चिकलठाण्याला एका पॅनलच्या शॉपमध्ये वायरिंग करते. कारखान्यातल्या मशिनींना जे कंट्रोल पॅनल लागतात ते आम्ही जोडतो. त्यामुळे प्रेरणाचं लग्न ठरल्याबरोबर मी जाहीर करून टाकलं की या खेपेला रुखवतात एक आख्खं गाव मांडायचं, आणि ते उजळणार. टेबलाखाली बारा व्होल्टची एक बॅटरी, वर सगळ्या वस्तूंना दिवे. पोराटोरांनी हात लावला तरी शॉकची भीती नाही.

ऐकल्याबरोबर घरातल्या बायका पेटून उठल्या. मामीनं तुळशीवृंदावन केलं, त्याच्या चारी कोनाड्यांत पणत्यांसारखे दिवे. आईनं चूल केली, आत लाल उजेड. काकूनं मंदिर केलं. आणि पिशोरहून रत्नमाला आत्या आली, एसटीत मांडीवर विहीर घेऊन.

ही विहीर नुसती दिव्यांची नव्हती. कडेला बोटभर उंचीची नऊवारीतली बाई उभी होती. खेळण्यातल्या गाडीची मोटर आत बसवलेली, त्यामुळे रहाट फिरे आणि बाई पाणी शेंदतेय असं वाटे. आत्यानं हे एकटीनं केलं होतं. सगळ्या विहिरीला तिनं पिवळीधमक सॅटिनची रिबीन लावली होती, आणि ती मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

आत्या आमच्या दारात आली यावरच बाबांचा विश्वास बसत नव्हता. कारण माझ्या लग्नात आत्यानं थर्माकोलचा रथ केला होता, आणि तो रथ मांडला गेला खांबामागं, पाण्याच्या जारांपाशी. आत्या कुणाला काही बोलली नाही. पंगत बसायच्या आत पिशवी उचलून पिशोरला निघून गेली, अन्नाला शिवलीसुद्धा नाही. त्यानंतर भाऊबीज नाही, राखी नाही. बाबा पिशोरला जायचे तेव्हा ती नेमकी शेतात गेलेली असायची. आता प्रेरणाच्या लग्नाला ती आपण होऊन आली होती. बाबांनी मला मुकुंदवाडीच्या मंगल कार्यालयाच्या फाटकातच गाठलं.

"मंजू, बाकी काय बी होऊ दे. या खेपेला अक्का जेवून गेली पाहिजे."

एरवी बाबा मला काही मागत नाहीत. मी म्हटलं, "जेवल्याशिवाय तिला मी सोडतच नाही, बाबा."

हळदीच्या संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण राहतनं सगळी जोडणी केली. राहत माझ्याच शॉपमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर काम करते. जोडणी सोपी असते. प्रत्येक वस्तूतून दोन तारा निघतात, लाल आणि काळी. लाल तारेतून वीज जाते, काळीतून परत येते. लालचं कौतुक सगळे करतात, काळीला कुणी विचारत नाही. पण परतीची वाट धड नसेल तर नुसतं जाऊन उपयोग काय? या काळ्या तारांना आम्ही ग्राउंड म्हणतो. सगळ्या वस्तूंच्या काळ्या तारा एका ठिकाणी आणाव्या लागतात, आणि खरी मेख तिथंच असते. सगळ्यांचा एकत्र पीळ घालून वर टेप गुंडाळली की झालं, असं लोकांना वाटतं. बारा व्होल्टात शॉक नाही म्हणून हलगर्जीपणा चालतो, असंही वाटतं. ढिला जोड मात्र बारा व्होल्टातही तापतो, आणि आजूबाजूला थर्माकोल आणि सॅटिन असेल तर मग बघायलाच नको.

म्हणून मी शॉपमधून पितळेची एक पट्टी आणली होती. तिच्यावर ओळीनं स्क्रू असतात. एका स्क्रूखाली एकच काळी तार. आणि पट्टीपासून बॅटरीपर्यंत एक चांगली जाडजूड काळी तार, कारण सगळ्यांची परत येणारी वीज त्या एकाच तारेतून जायची असते. लाल बाजूला बॅटरीपाशी फ्यूज. सगळं लावून पाहिलं. गाव उजळलं, विहिरीवरची बाई पाणी शेंदायला लागली, आत्या पहिल्यांदा गालात हसली. मी निवांत झोपले.

सकाळी मी प्रेरणाला नऊवारी नेसवत होते. कासोटा निम्म्यावर आलेला, तेवढ्यात राहत शरारा सावरत खोलीत घुसली.

"मंजू, बाहेर चल. वो टेबल के नीचे सब पिवळं पिवळं झालंय."

"काय पिवळं झालंय?"

"तूच बघ ना यार."

नवरीला तसंच अर्ध्या कासोट्यात सोडून मी धावले. प्रेरणा मागून "ताई, अगं माझं काय?" म्हणून ओरडत राहिली.

टेबलाखाली वाकून बघितलं. पितळी पट्टी गायब. जाड तार गायब. सगळ्या काळ्या तारा एकत्र पिळून त्यांची एक सुबक वेणी घातलेली, तिच्यावर पिवळी सॅटिनची रिबीन, शेवटाला फुलासारखी गाठ. वेणीतून एक पिवळी तार निघून बॅटरीला गेली होती, दोऱ्यासारखी बारीक. दारावरची बेल बसवताना उरते तसली.

शेजारी आत्या हातात कात्री घेऊन उभी होती. तिचा चेहरा इतका प्रसन्न मी कधी पाहिला नव्हता.

"देवळाखाली काळं भेंडोळं! बरं दिसतं व्हय मंगलकार्यात? पहाटंच उठून समदं झाकलं बघ. टोकं दातानं सोलली, लई चिवट व्हती."

तिच्या मागं बाबा उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघून हळूच हात जोडले.

मी गप्प बसले. ओळखीच्या लोकांना हे खरं वाटणार नाही. मी बटण दाबलं, तर दिवे लागले. वृंदावन लागलं, चूल लागली, मंदिर लागलं. म्हटलं, असेल दैवात तर निभेल. आणि विहिरीचं बटण दाबलं.

रहाट अर्धा फिरला आणि अडखळला. त्याबरोबर सगळं गाव मलूल झालं. वृंदावनातले दिवे डोळे मिचकावायला लागले, चूल विझल्यासारखी झाली. विहीर बंद केली की पुन्हा सगळं लख्ख. चालू केली की पुन्हा सुतक. तोवर आमच्याकडच्या बायका भोवती जमल्या होत्या, आणि वऱ्हाड बिडकीनहून निघून बीड बायपासला लागल्याची बातमी आली होती.

मामीच्या आवाजात एकदम साखर उतरली. "राहू द्या ना अक्का. विहीर नुसती बघायलाच किती छान दिसते. बाकीच्यांचे दिवे तरी नीट दिसतील. वाटलं तर इकडं बाजूला ठेवू या, कोपऱ्यात."

कोपरा म्हटल्याबरोबर आत्याचा चेहरा पार बदलला. तिनं कात्री टेबलावर ठेवली, पदर खांद्यावरून घेतला, आणि तिची नजर भिंतीपाशी ठेवलेल्या पिशवीकडं गेली. ती नजर बाबांनीही पाहिली.

मी वाकून वेणीला हात लावला. कोमट होती. राहतनं नाक पुढं करून वास घेतला. रिबिनीची कड आत वळायला लागली होती. मी बॅटरीवरची तार काढून टाकली.

आता माझ्यापुढं असा पेच होता. दोष विहिरीचा नव्हताच. मोटर दिव्यांपेक्षा जास्त वीज मागते, एवढंच. परतीची वाट ढिली आणि बारीक असल्यावर मोटर सुरू झाली की तिथं गर्दी होते आणि सगळ्यांचे दिवे मंदावतात. खरं सांगावं तर आत्याच्या वेणीवर खापर, आणि ती रुसून जाणार. न सांगावं तर विहीर कोपऱ्यात, आणि ती रुसून जाणारच.

बाबांनी मला बाजूला ओढलं. "तू म्हण, बॅटरी खराब निघाली."

"बाबा, बॅटरी चांगलीये."

"मंजू, आज नको गं खरं बोलू."

तिकडं मामीचं चालूच होतं. "दोन बॅटऱ्या आणल्या असत्या, तर असं झालंच नसतं."

"हो, आणि आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" मी फाडकन बोलून गेले. बोलल्यावर लक्षात आलं की आत्याबाई समोरच उभी आहे. राहतनं तोंडावर ओढणी धरली. पण एकदा माझं तोंड सुटलं की सुटतंच.

"दुसरी बॅटरी नको, अन् कोपरा तर नकोच नको! विहीर एकदम चांगलीये. या टेबलावर तिच्याइतकं अवघड काम दुसरं कुणाचं नाही. खोट त्या खालच्या वेणीत आहे, अन् ती वेणी आत्यानं घातलीये!"

बाहेर सनईची रेकॉर्ड लागली होती, तेवढीच ऐकू येत होती. बाबांनी डोळे मिटून घेतले. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि रागही येत होता, स्वतःचा आणि सगळ्यांचाच.

आत्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "काय चुकलं त्यात?"

"काय नाही चुकलं ते विचार!" मी खाली बसले आणि वेणी सोडून तिच्यापुढं धरली. "हे बघ. दातानं सोलताना आतल्या निम्म्या तारा तुटल्या. उरलेल्या नुसत्या एकमेकींना टेकल्यात, घट्ट कुणी कुणाला धरलेलं नाही. अन् सगळ्या गावाचं पाणी तू एका बारीक पाटानं परत आणायला निघालीस. पाट फुटणार नाही तर काय होणार? हात लाव, अजून ऊन आहे. तासभर चालू राहिलं असतं तर रिबिनीनं पेट घेतला असता."

आत्यानं वेणीला हात लावला. मग रिबिनीची आकसलेली कड बोटानं चाचपली.

"मग मघाशीच का नाय बोललीस? मी हितंच हुते की."

"तू रुसशील म्हणून."

"अन् आता?"

"आता राहवलं नाही म्हणून."

आत्या मटकन माझ्या शेजारी खाली बसली. मला वाटलं हिला घेरी आली. पण ती बाबांकडं बघत होती.

"कडुबा, ऐक. तुझ्या समद्या घरात ही एक पोरगी तोंडावर बोलली बघ. त्या वक्ताला माझा रथ मागं ठेवला. मला कुणी म्हणलं नाय, अक्का, रथ वाकडा झालाय. कुणी म्हणलं नाय, अक्का, जागा नाय. समदे गोड बोलले. लई छान, लई छान म्हणले अन् जारापाशी ठेवला. म्या घरी जाऊन किती येळा इचार केला, काय चुकलं आसंल माझं? कुणी सांगितलं आसतं तर दुसरा केला नसता का म्या?"

मामी मंदिराची कमान उगाचच सरळ करायला लागली.

"अन् तू," आत्या माझ्याकडं वळली, "नुसती बोंबलतीस काय? वऱ्हाड आलंच बघ. नीट करून दाखीव."

"पट्टी कुठाय?"

"नारळाच्या टोपलीत."

"अन् ती जाड तार?"

आत्या पहिल्यांदा जरा ओशाळली. "ती लई मजबूत व्हती. तोरण बांधलंय तिनं म्या, म्होरल्या दाराला."

राहत शरारा खोचून खुर्चीवर चढली आणि कार्यालयाच्या दारावरून तार सोडवून आणली. तोरण आत्याच्या पिवळ्या रिबिनीनं पुन्हा बांधलं. रिबिनीचा खरा उपयोग तोच होता, असं मी म्हटलं. आत्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला.

मग आम्ही तिघी टेबलाखाली बसलो. चावलेली टोकं मी कापून टाकली आणि सोलायच्या पकडीनं नवी सोलली, आतली एकही तार न तुटू देता. आत्यानं ती पकड हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि पुढच्या तारा स्वतः सोलल्या. पहिली जास्तच सोलली गेली.

"उघडी तार स्क्रूच्या बाहेर दिसली नाही पाहिजे," मी म्हटलं. तिनं निमूट पुन्हा कापली.

"एका स्क्रूखाली एकच का? दोन घातल्या तर जागा वाचंल."

"एक जाड, एक बारीक असली की स्क्रू जाडीला धरतो, बारीक निसटते."

"दोन जावा एका चुलीवर," आत्या म्हणाली आणि पुढची तार वेगळ्या स्क्रूखाली घातली.

सगळं बसवून झाल्यावर प्रत्येक तार ओढून बघायची असते. मी दोन बोटांनी ओढून दाखवलं. आत्याला ते पटलं नाही. घागर विहिरीत सोडायच्या आधी दोर ताणून बघावा तशी ती एकेक तार ओढत गेली, आणि मंदिराची तार सटकन तिच्या हातात आली. ती मी आवळलेली होती.

"ही कुणी लावली गं?"

"मीच."

"चिकलठाण्यात असंच लावतीस व्हय?"

राहत टेबलाखाली डोकं आपटेपर्यंत हसली. मी मुकाट्यानं स्क्रू पुन्हा आवळला आणि आत्यानं ती तार परत ओढून पास केली.

काळ्या रंगाचा प्रश्न मात्र तिच्या मनातून गेला नव्हता. मी म्हटलं, मंगळसूत्रातले मणी काळेच असतात की. ती म्हणाली, ते सोन्यासंगं असत्यात. मी म्हटलं, मग या पितळेसंगं आहेत. ती जरा विचारात पडली. शेवटी तिनं टेबलावरची चादर पुढून वीतभर खाली सोडून तिला चुण्या घातल्या, तारांना न शिवता. भेंडोळं दिसेनासं झालं. हे मला आधी सुचायला हवं होतं, आणि तसं मी तिला सांगितलंही.

बॅटरी जोडली. दिवे लागले. विहिरीचं बटण मी आत्याला दाबायला लावलं. रहाट फिरला, बाई पाणी शेंदायला लागली, आणि मामीच्या वृंदावनातला एक दिवासुद्धा हलला नाही. मी पट्टीला हात लावून बघितला, गार होती. "अगं बाई!" मामी खरोखर मनापासून म्हणाली. तेवढ्यात आतून प्रेरणाचा टाहो आला, आणि मला आठवलं की नवरी अजून अर्ध्या कासोट्यावर उभी आहे.

वऱ्हाड आलं. प्रेरणाच्या सासूबाई सगळं रुखवत बघत बघत विहिरीपाशी आल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांनी त्या बाईकडं निरखून बघितलं, मग त्यांच्या जावेला हाक मारली, जावेनं आणखी दोघींना. "ही पाणी शेंदती कशी हो?" त्यांनी विचारलं. झालं. आत्यानं त्यांना चादर उचलून सगळं दाखवलं. लाल कुठून जाते, काळी कुठून येते, एका स्क्रूखाली एकच का. ज्या काळ्या तारा झाकायला ती पहाटे उठली होती, त्या आता ती बिडकीनच्या समस्त बायकांना वाकवून वाकवून दाखवत होती. "परतीची वाट धड पायजे," ती प्रत्येकीला बजावत होती.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. आत्या काही टेबल सोडेना. मी दोनदा बोलावलं, तर म्हणाली, "थांब, अजून नवरदेवाच्या मावशीनं बघितलं नाय." मला पुन्हा धास्ती वाटायला लागली. एक पंगत उठली, दुसरी बसली.

तेव्हा बाबा ताट वाढून घेऊन आले. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, आणि हातात काठोकाठ भरलेलं ताट. ते आत्यापुढं उभे राहिले.

"अक्का, रथ वाकडा नव्हता."

आत्यानं मान वर केली.

"चांगला झाला व्हता. मीच मागं ठेवला. मंजूचे सासरचे शहरातले, मला वाटलं, थर्माकोलचा रथ बघून हसतील आपल्याला. मला लाज वाटली, अक्का. तुझ्या कामाची मला लाज वाटली."

बाबा रडत होते, आणि हातात ताट असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते. मी पुढं होणार होते. राहतनं माझा दंड धरला.

आत्या पुढं झाली. मग आपल्या पदरानं तिनं बाबांचे डोळे पुसले, जरा जोरातच. ताट त्यांच्या हातात तसंच राहू दिलं आणि उभ्याउभ्याच वरणभात कालवून पहिला घास तोंडात घातला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"कडुबा," ती घास गिळून म्हणाली, "वरणात मीठ कमी हाय."

बाबांनी ताट माझ्या हातात कोंबलं आणि पळत सुटले. नवरीचे वडील, फेटा एका कानावर आलेला, भर पंगतीतून "मीठ आणा रे, अक्काला मीठ आणा" करत आचाऱ्याकडं धावत होते. त्या दिवशी त्या कार्यालयात त्यांच्याइतकं खूश कुणीच नव्हतं, नवरदेवसुद्धा नाही.